गिट्टीची जागा

ज्यांना यात खोट काढायची असेल त्यांच्यासाठी आधी मोजमापं देते.

घर झाशीतलं. रेल्वे क्वार्टर, तळमजला. मागच्या दाराला आतून कडी, जमिनीपासून पाच फूट दोन इंच उंच. ती मी स्वतः टेपने मोजली आहे. तारीख सत्तावीस मे, नौतपाचा, म्हणजे तिकडच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस. वेळ दोन वाजून दहा मिनिटं.

दुपारचे.

यात रात्र नाही, अमावस्या नाही. मे महिन्यात झाशीत दुपारी बाहेर पडलात तर रस्त्यावर माणूस दिसत नाही, चिमणी दिसत नाही. जे व्हायचं ते तेव्हाच झालं.

ज्या मुलीच्या बाबतीत झालं ती माझी मावसबहीण, मुग्धा. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. ती खोटं बोलत नाही. आणि अंदाजानेही बोलत नाही, म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

गिट्टी त्यांच्याकडे आली तेव्हा मुग्धा चौथीत होती. तिचे बाबा, नीलकंठकाका, रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीला. एका सकाळी यार्डात रुळांमधल्या खडीत त्यांना काहीतरी हललेलं दिसलं. खडीच्याच रंगाचं, करडं, ठिपक्याठिपक्यांचं कुत्र्याचं पिल्लू. मागचा डावा पाय चेंगरलेला. खडीला तिकडे गिट्टी म्हणतात. तेच नाव पडलं.

पाय वाचला, पण सरळ झाला नाही. त्यामुळे गिट्टीची चाल घरातलं कुणीही डोळे मिटून ओळखायचं. तीन पायांची नखं वाजायची आणि चौथा पाय फरशीवरून ओढत यायचा.

टक्. टक्. टक्. घस्स...

हा आवाज लक्षात ठेवा.

आता जागेविषयी. पुढच्या खोलीच्या खिडकीत कूलर. त्याचा झोत खोलीतून सरळ पॅसेजच्या तोंडाशी येऊन पडतो. बाहेर पंचेचाळीस, मुग्धाच्या खोलीत सदतीस आणि त्या दोन-अडीच हाताच्या फरशीवर अठ्ठावीस. मुग्धाने थर्मामीटर ठेवून पाहिलं होतं. गिट्टीला थर्मामीटर लागला नाही. पहिल्याच उन्हाळ्यात तिने ती जागा शोधली. उषामावशीने खाली ओलं गोणपाट घातलं, आणि पुढचे चौदा उन्हाळे ती जागा गिट्टीची. मावशी तिला ओलांडून जायची. काका वळसा घालून जायचे. पाहुणा तिथे बसायला लागला की काका म्हणायचे, "भाईसाहब, वो सीट रिज़र्व है."

शेवटच्या वर्षी गिट्टीची किडनी गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सगळे दात पडले, वरचा उजवा सुळा तेवढा राहिला. आणि ती बसल्या जागी ओलं करायला लागली.

त्याच जागेवर. कूलरच्या झोतात. वास घरभर फिरायचा.

एप्रिलच्या शेवटी मावशीने हात टेकले. "मुगू, आता नाही गं सहन होत. मागे अंगणात शेडखाली ठेवू या तिला. पाणी ठेवू, गोणपाट भिजवून देऊ."

मागच्या अंगणातली शेड म्हणजे वर तापलेला पत्रा आणि खाली तापलेलं सिमेंट. मुग्धाला हे माहीत होतं. पण जूनमध्ये तिची नेटची परीक्षा होती आणि वासाने तिचं डोकं दुखायचं.

ती म्हणाली, "बरं."

एवढंच.

गिट्टी नऊ दिवस त्या पत्र्याखाली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी रोज दुपारी ती मागच्या दाराशी यायची आणि नखांनी दार खरवडायची. एकदा दार उघडं राहिलं. ती पॅसेज ओलांडून बरोबर आपल्या जागेवर येऊन पडली. मावशीने उचलून परत बाहेर ठेवली. त्या दिवसापासून दुपारी दाराला कडी लागायला लागली.

दोन मेला गुरांचे डॉक्टर घरी आले. त्यांनी तपासलं, चष्मा काढला. "बिटिया, अब रोको मत इसे. बहुत तकलीफ़ में है."

मुग्धाने मान हलवली. मग आईकडे वळली. "आई, तिला आत आणू का? तिच्या जागेवर. शेवटचं."

"आत्ताच फिनाईलने पुसलंय गं सगळं. आणि डॉक्टर खोळंबलेत. पाच मिनिटांचं तर काम."

मुग्धाने वाद घातला नाही. ती तापलेल्या सिमेंटवर बसली आणि गिट्टीचं डोकं मांडीवर घेतलं. कानामागे, तिच्या आवडत्या ठिकाणी, खाजवत राहिली.

"जा बाळा. आता नाही दुखणार काही."

गिट्टीने तिचा हात चाटला नाही. तिचं तोंड मुग्धाकडे नव्हतंच. ते आंधळे, दुधाळ डोळे घराच्या दारावर लागले होते.

इंजेक्शन गेलं. डोकं जड झालं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "गई."

आणि त्यानंतर...

पाय हलले. आडव्या पडलेल्या गिट्टीचे चारही पाय. टक्, टक्, टक्, घस्स. दाराच्या दिशेने.

"रिफ़्लेक्स है, बिटिया," डॉक्टर म्हणाले.

मुग्धालाही ते माहीत होतं. तिने ते पुस्तकात वाचलं होतं.

काकांनी तिला साइडिंगच्या रुळांपलीकडच्या कडुनिंबाखाली पुरलं, मीठ घालून, वर खडी रचून. त्या रात्री कुणी जेवलं नाही. मावशी सगळ्यात जास्त रडली.

दहाव्या दिवशी मुग्धाने जे केलं ते आपल्याच घरांत होऊ शकतं. तिने दहीभाताचा गोळा केळीच्या पानावर ठेवला आणि पान अंगणाच्या भिंतीवर. पिंडाला कावळा शिवावा म्हणून. तिचा यावर विश्वास नव्हता. पण गिट्टीची माफी मागायची तर दुसरं कुठलं ठिकाण तिला सुचेना.

शेजारच्या शुक्लाचाची भिंतीवरून बघत होत्या. "अरे उषा दीदी, कुतिया के लिए कौवा बुला रही हो?"

"हमारे यहाँ होता है जी," मावशी म्हणाली. मग हळूच मुग्धाला, "होत नाही. पण तिला काय सांगू?"

कावळे होते. विजेच्या तारेवर तीन. एकही खाली येईना. पाच मिनिटं, दहा, पस्तीस. मुग्धा स्वतःला सांगत होती की कावळा नव्या वस्तूला बिचकतो, यात विशेष काही नाही.

"काहीतरी राहिलंय तिचं," मावशी म्हणाली. तिने पदर डोक्यावर घेतला. "गिट्टे, रोज दारातल्या कुत्र्यांना पोळी घालीन हो."

कावळे हलले नाहीत.

तेव्हा मुग्धाला रडू फुटलं. ती भिंतीशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "गिट्टी, तुझी जागा कुणाला देणार नाही. कधीच नाही. शपथ."

मधला कावळा सरळ खाली आला आणि त्याने भातात चोच घातली.

मावशीने हात जोडले. मुग्धाला हलकं वाटलं. वचन देताना तिने एवढाही विचार केला नाही की मे महिन्यात त्या घरात ती जागा सोडून दुसरी थंड जागा नव्हती.

चार दिवसांनी मावशीने कांद्याची टोपली तिथे ठेवली. उन्हाने कांदे सडू नयेत म्हणून. दुपारी झोपून उठली तर टोपली जागेवर नव्हती.

ती मागच्या अंगणात होती... पत्र्याखाली.

"मीच ठेवली असेन," मावशी म्हणाली. "हल्ली काही लक्षात राहत नाही."

पुढच्या आठवड्यात काका पहाटेच्या ड्युटीवरून आले, जेवले आणि चटई टाकून तिथेच आडवे झाले. मुग्धाने सांगून पाहिलं. काका हसले. "अगं, तिनेच मला पास दिला असता."

ते झोपले पॅसेजच्या तोंडाशी. जागे झाले ते पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या दाराला पाय लावून. लुंगीचं टोक ओलं. टाच ठणकत होती.

"झोपेत सरकलो वाटतं," काका म्हणाले. "मुगू, बघ गं, काय चावलं?"

मुग्धाने टॉर्च लावला. टाचेवर एक भोक होतं. चार मिलिमीटर. उंदीर चावला तर शेजारी शेजारी दोन खुणा उठतात. कुत्रा चावला तर निदान चार.

इथे एकच होती.

वरच्या उजव्या सुळ्याची.

तिने आयोडीन लावलं. काय बोलणार? एम.एस्सी. झालेल्या मुलीने काय सांगायचं?

ती गप्प राहिली, ही तिची दुसरी चूक.

पंचवीस मेला नौतपा लागला. सव्वीसला तिचा भाऊ पार्थ जवळच्या बबीन्याहून बायको आणि मुलीला घेऊन आला. तिकडे ट्रान्सफॉर्मर जळला होता, दोन दिवस वीज नव्हती. इरा पाच महिन्यांची. अंगभर घामोळं, रडून रडून आवाज बसलेला. चारुतावहिनीने घरात पाऊल टाकलं, कूलरचा झोत कुठे येतो ते पाहिलं आणि तिथेच दुपटं अंथरलं.

"वहिनी, तिथे नको."

"का गं?"

"तिथे... वारा डायरेक्ट येतो."

"तोच तर हवाय! दोन दिवस झाले, पोर झोपली नाहीये."

पार्थ हसला. "गिट्टीची सीट मिळाली माझ्या लेकीला. सीधा फर्स्ट क्लास!"

मुग्धा हसली नाही. ती खोलीतून खुर्ची घेऊन आली आणि इराच्या उशाशी बसली. त्या दिवशी काही झालं नाही. इरा तीन तास गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी, सत्तावीसला, काका ड्युटीवर. पार्थ कूलरचा पंप कुरकुरतोय म्हणून नवा आणायला इलाइट चौराह्यावर गेलेला. मावशी आणि वहिनी आतल्या खोलीत झोपलेल्या. इरा दुपट्यावर. मुग्धा खुर्चीत, मांडीवर पुस्तक.

दोनच्या सुमाराला कूलरचा आवाज बदलला. टाकीतलं पाणी संपलं होतं. गरम झोत यायला लागला. इरा चुळबुळली.

बाथरूम सात पावलांवर. मुग्धा बादली घेऊन गेली. नळ सोडला.

बादली निम्मी भरली असेल. नळाच्या धारेमागून काहीतरी ऐकू आलं. तिने नळ बंद केला.

टक्.

टक्.

टक्.

घस्स...

आवाज तिच्याकडे येत नव्हता. तो दूर चालला होता. मागच्या दाराकडे. आणि त्याच्याबरोबर फरशीवरून काहीतरी मऊ ओढत नेल्याचा आवाज.

ती धावली.

खुर्ची होती. पुस्तक होतं. दुपटं नव्हतं. इरा नव्हती.

पॅसेज रिकामा. मागचं दार बंद. कडी वर लावलेली, आतून. मुग्धाला वाटलं, वहिनीने उचलून नेलं असेल. ती आतल्या खोलीकडे वळली, आणि तेवढ्यात...

खर्र. खर्र.

मागचं दार. बाहेरून.

नऊ दिवस तिने हा आवाज खोलीत बसून ऐकला होता आणि उठली नव्हती. या वेळी तिने कडी ओढली.

इरा पत्र्याखाली होती. बरोबर तिथे, जिथे गिट्टीला ठेवलं होतं. पाठीखाली दुपटं चुरगळलेलं, टाचा उघड्या सिमेंटवर. तोंड लालबुंद. ती रडत नव्हती. डोळे टक्क उघडे होते आणि ती मुग्धाकडे नाही, तिच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर काहीतरी बघत होती.

झबल्याची मानेजवळची बाजू लाळेने भिजली होती. तिथे एक भोक होतं.

मुग्धा किंचाळली तेव्हा घर उठलं.

पुढचे दोन तास दवाखान्यात. ओल्या पट्ट्या, सलाइन. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं बाहेर राहिली असती तर सांगता आलं नसतं. इरा वाचली. रात्रभर तिथेच ठेवायची होती.

व्हरांड्यात वहिनीने मुग्धाला विचारलं. ती ओरडली नाही, त्याचंच जास्त वाटलं.

"पाच महिन्यांचं मूल रांगत नाही. आई आणि मी झोपलेलो. तू म्हणतेस, दाराला आतून कडी होती."

"होती."

"मग आत जागं कोण होतं, मुग्धा?"

मुग्धाने सगळं सांगितलं. वचन, टोपली, काकांची टाच. पार्थ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "परीक्षेचं टेन्शन आहे तुला. घरी जा." आणि वहिनी म्हणाली, "माझ्या मुलीला आता हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते इराला घेऊन परत येणार होते. बबीन्यात अजून वीज नव्हती. घर तेच. कूलर एकच.

सकाळी सहाला मुग्धाने दहीभात कालवला.

भिंतीवर पान. तारेवर कावळे.

"गिट्टी, चुकलं. मी शब्द मोडला."

कावळे बसून होते.

"गोणपाट परत घालते तिथे. तुझं तूच वापर."

काही नाही. सात वाजले. भिंत तापायला लागली. आठ वाजले. तिला आठवलं की गिट्टीने मरताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. चौदा वर्षं जी तिच्या पायाशी झोपली, ती तिच्याकडे न बघता गेली.

तेव्हा तिला कळलं काय द्यायचं ते.

"बाळाकडे जाऊ नकोस. तिने नाही, मी 'बरं' म्हटलं होतं." तिचा आवाज फुटत होता. "माझी जागा घे. जिथे मी झोपेन ती जागा तुझी. मला ठेव बाहेर."

कावळा आला. पहिल्या वेळी त्याने भात खाल्ला होता. या वेळी त्याने नुसती चोच टेकवली. मग मान वाकडी करून तो बराच वेळ मुग्धाकडे बघत बसला.

इरा त्यानंतर आठ दिवस त्याच जागेवर झोपली. कूलरच्या झोतात, ओल्या गोणपाटाशेजारी. वहिनी पूर्ण वेळ तिच्या अंगावर हात ठेवून बसायची. काहीही झालं नाही.

मुग्धा तीन दिवस झोपली नाही. चौथ्या दुपारी तिचा डोळा लागला. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर, दार लावून.

पाठ भाजल्यामुळे ती जागी झाली.

वर पत्रा होता.

ती अंगणात होती. सिमेंटवर आडवी. पोटऱ्यांना फोड आलेले. दंडावर एक भोक. घसा इतका कोरडा की हाक फुटेना. ती सरपटत दारापर्यंत गेली. दाराला आतून कडी होती.

तिने दारावर हात मारायचा प्रयत्न केला. हातात जोर नव्हता. मग तिने जे जमलं ते केलं.

नखांनी दार खरवडलं.

उषामावशीने मला स्वतः सांगितलंय. तो आवाज ऐकून ती पॅसेजमध्ये उभी राहिली आणि तिची कडी काढायची हिंमत होईना. तिला वाटलं, गिट्टी आली. ती पूर्ण पाच मिनिटं उभी होती. दाराच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला तिची मुलगी.

जुलैत मी झाशीला गेले तेव्हा मुग्धाच्या दंडावरची खूण पाहिली. एकच. मोजली, चार मिलिमीटर. कडीची उंची तेव्हाच घेतली. बाहेरच्या बाजूने पातळ पट्टी घालून कडी लावता येते का तेही करून पाहिलं. येत नाही. झोपेत चालण्याची शक्यता धरली, तर बाहेर गेल्यावर आतून कडी कुणी लावली हा प्रश्न उरतोच.  डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत.

मुग्धा आता पलंगावर झोपत नाही. पलंगावर गोणपाट अंथरलेलं असतं आणि ती खाली, खुर्चीला टेकून बसल्या बसल्या डुलकी घेते. सकाळी गोणपाटाला मधोमध खळगा असतो. मी पाहिलाय. हात लावला नाही.

पुढच्या महिन्यात तिची मुलाखत आहे, आमच्या भुसावळला. पंधरा दिवस ती आमच्याकडे राहणार आहे, माझ्याच खोलीत. माझ्या आईने तिच्यासाठी गादी काढून ऊन दाखवून ठेवली आहे.

काल तिचा फोन आला होता.

"एक नको, दोन अंथरुणं घाल," ती म्हणाली. "एकावर गोणपाट. ओलं करून."

मी बरं म्हटलं. म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

 तिच्या मागे काहीतरी वाजत होतं, फरशीवर, सावकाश. कूलरचा पंप असेल, मी विचारलं नाही.

"आणि एक कर," ती म्हणाली. "मी आहे तोवर दुपारी मागच्या दाराला कडी लावू नका. म्हणजे मला परत आत येता येईल."